१०१९ क्रमांकाचं हँडबुक आधी उघडा

नौदलात पंधरा-वीस वर्षं इंजिनरूममध्ये किंवा स्विचबोर्डासमोर काढलेला माणूस अणुवीज केंद्रात तंत्रज्ञ व्हायचं ठरवतो, तेव्हा त्याच्या हाती कुणीतरी अमेरिकी ऊर्जा खात्याची, म्हणजे डीओईची 'फंडामेंटल्स हँडबुकं' ठेवतं. १९९२-९३ सालची ही पीडीएफ पुस्तकं फुकट आणि कायदेशीरपणे मिळतात. गणित, भौतिकशास्त्र, वीज, उष्णता, उपकरणं, रसायन, धातू, यंत्रं, तांत्रिक आराखडे आणि अणुभट्टी असा सगळा पसारा त्यात आहे. प्रत्येक विषयाला १०१० ते १०१९ यांपैकी एक क्रमांक आहे. हा सगळा गठ्ठा पहिल्या पानापासून वाचायला घेणारे बहुतेक जण तिसऱ्या खंडापाशी दम सोडतात. फौजी माणसाने तो तसा वाचूच नये.

१०१८ (यंत्रं) घ्या. डिझेल इंजिन, हीट एक्स्चेंजर, पंप, व्हॉल्व्ह. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकून आलेल्या आर्टिफिसरला, म्हणजे नौदलाच्या तंत्रज्ञाला, यात नवं काही नाही. सेंट्रिफ्यूगल पंपाचं कॅव्हिटेशन आणि नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड ही प्रकरणं तेवढी चाळावीत, कारण शब्दावली तिथली लागते. बाकी सोडून द्या. १०११ (वीज) हे जामनगरच्या आयएनएस वालसुरातून आलेल्यांनी असंच सोडावं. त्यांनी वेळ १०१३च्या (उपकरणं) दुसऱ्या खंडावर घालवावा. त्यात किरणोत्सर्ग मोजणारे डिटेक्टर आहेत. वायूभरल्या डिटेक्टरचं व्होल्टेज वाढवत नेलं की आयनायझेशन, प्रपोर्शनल आणि गायगर हे टप्पे कसे येतात, तो एकच आलेख नीट समजला तर हातातला सर्व्हे मीटर काय दाखवतो आणि काय दाखवत नाही, हे कळतं.

१०१२ (थर्मोडायनॅमिक्स) मात्र प्रत्येकाने उघडून बघावं. नौदलाची बरीचशी जहाजं आता गॅस टर्बाइनवर किंवा डिझेलवर चालतात. आयएनएस विक्रमादित्यसारख्या वाफेवरच्या जहाजावर काम केलेल्याला स्टीम टेबल तोंडपाठ असतं, पण टर्बाइनवाल्याला संपृक्त आणि अतितप्त वाफेतला फरक पुन्हा घासून घ्यावा लागतो. इथे या संचाची पहिली मोठी खोट दिसते. सगळी मापं अमेरिकी आहेत. एन्थाल्पी बीटीयू प्रति पाउंडात, दाब पीएसआयमध्ये, तापमान फॅरनहाइटमध्ये. आपल्या केंद्रांत दाब बोलायचा तो किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. म्हणून समासात तीन आकडे लिहून ठेवा : बीटीयू प्रति पाउंडला २.३२६ने गुणलं की किलोज्यूल प्रति किलो, १४.२२ पीएसआय म्हणजे १ किलो प्रति चौ. सेंमी., आणि १ रेम म्हणजे १० मिलिसिव्हर्ट. तिसरा आकडा चुकला तर डोसचा हिशेब दहापटीने हुकतो. भारतात एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, मर्यादा ५ वर्षांत १०० मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात ३०. त्यामुळे ही चूक कागदावरही परवडत नाही.

आता खरा माल. १०१९चा (अणुभट्टी) दुसरा खंड. बॉयलर आणि टर्बाइन कोळून प्यालेल्या माणसाच्या डोक्यात नेमकं जे नसतं, ते या एका खंडात आहे, आणि इतकं स्वच्छ मांडलेलं अन्यत्र फुकट सापडणं कठीण. सबक्रिटिकल मल्टिप्लिकेशनचं, म्हणजे साखळी अभिक्रिया स्वबळावर टिकण्याआधी न्यूट्रॉन किती पटीने वाढतात याचं, प्रकरण उदाहरण म्हणून घ्या. सूत्र साधं आहे : गुणाकार (एम) म्हणजे १ भागिले (१ वजा के). के म्हणजे न्यूट्रॉनांच्या एका पिढीमागे पुढच्या पिढीचं प्रमाण, ते १ झालं की भट्टी क्रिटिकल. के ०.९५ असेल तर २०, ०.९९ असेल तर १००. म्हणजे के ०.९५ला डिटेक्टर सेकंदाला २०० काउंट देत असेल, तर ०.९९ला तो १००० देईल. एवढं सगळ्यांना जमतं. घोटाळा पुढे होतो. के जसजसा १च्या जवळ जातो, तसतसा काउंट स्थिरावायला जास्त वेळ लागतो. घाईने रीडिंग घेतलं की काउंट कमी भरतो, १/एमचा बिंदू आलेखावर वर बसतो आणि रेष पुढे ओढली की क्रिटिकल बिंदू प्रत्यक्षापेक्षा लांब दिसतो. चूक नेमक्या धोक्याच्या बाजूला. हे प्रकरण वाचताना आलेख कागदावर स्वतः काढा, नुसतं वाचून हात वळत नाही.

झेनॉनचं प्रकरण तितकंच महत्त्वाचं. आयोडीन-१३५चं अर्धायुष्य साधारण साडेसहा तास, त्यातून तयार होणाऱ्या झेनॉन-१३५चं नऊ तासांहून किंचित जास्त. भट्टी चालू असताना झेनॉन न्यूट्रॉन गिळूनही संपतो आणि क्षय होऊनही. भट्टी बंद पडली की गिळणं थांबतं, पण साठलेलं आयोडीन झेनॉन पुरवतच राहतं. म्हणून बंद केल्यावर हे न्यूट्रॉन गिळणारं विष आधी वाढतं, कित्येक तासांनी शिखर गाठतं आणि मग उतरतं. जहाजाचं इंजिन ट्रिप झालं की दोष शोधून पुन्हा सुरू करायचं, ही सवय असलेल्याला हे पचवायला दोन-तीन वाचनं लागतात. पण हँडबुक इथून पुढे आपल्या भट्ट्यांपर्यंत येत नाही. आपल्या बहुतेक भट्ट्या जड पाण्याच्या आहेत. नैसर्गिक युरेनियमवर चालत असल्याने त्यांच्यात हाताशी असलेली जादा रिअॅक्टिव्हिटी, म्हणजे साखळी अभिक्रिया वाढवण्याची राखीव ताकद, थोडीच. ट्रिपनंतर अर्ध्या-पाऊण तासात भट्टी पुन्हा उचलली नाही, तर 'पॉयझन आउट' होऊन, म्हणजे झेनॉनमुळे ती सुरूच होऊ न शकल्याने, दीड दिवसाच्या आसपास थांबावं लागतं. जड पाण्याच्या भट्टीच्या नियंत्रणकक्षातल्या घाईचं हे गणित या पानांत सापडणार नाही.

ही दुसरी आणि मोठी खोट. हँडबुकातलं अणुभट्टीचं चित्र हलक्या पाण्याचं आहे. शीतक उकळलं की रिअॅक्टिव्हिटी घटते, हे तिथलं वाक्य पाठ करून जड पाण्याच्या भट्टीला लावलंत तर सपशेल चुकाल. तिथे मॉडरेटर (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारं जड पाणी) कॅलेंड्रिया नावाच्या टाकीत वेगळा असतो, नळ्यांमधलं शीतक उकळलं तरी तो जागेवरच राहतो, आणि व्हॉइड कोइफिशंट धन असतो, म्हणजे शीतकात वाफ झाली की रिअॅक्टिव्हिटी वाढते. चालू भट्टीत इंधन बदलणं, २२० मेगावॅटच्या भट्टीतले ३०६ आडवे चॅनल, ५४० आणि ७०० मेगावॅटमधले ३९२, यांपैकी कशावरच काही नाही. जड पाण्यातल्या ट्रिटियमचंही (किरणोत्सर्गी हायड्रोजन) तसंच. त्याचा बीटा इतका दुबळा, की छातीवरच्या, डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजला तो दिसत नाही. लघवीचा नमुना तपासूनच त्याचा डोस कळतो.

तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या युनिटांना मात्र हे पुस्तक बरंच लागू पडतं, कारण त्या १९६९च्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्या आहेत. तरी एक फरक मनाशी ठेवा. तिथे भट्टीतली वाफ थेट टर्बाइनला जाते आणि सोबत किरणोत्सर्गी नायट्रोजन-१६ नेते. त्याचं अर्धायुष्य ७ सेकंदांचं, पण भट्टी चालू असेपर्यंत नवं येतच राहतं. जहाजावर टर्बाइनला कान लावून आवाज ऐकण्याची सवय तिथे कामाची नाही.

भरतीच्या परीक्षेसाठी म्हणून हा संच घेत असाल तर नका घेऊ. एनपीसीआयएलच्या, म्हणजे अणुवीज केंद्रं चालवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, स्टायपेंडिअरी ट्रेनी तंत्रज्ञाच्या पहिल्या पेपरात १ तासात ५० प्रश्न असतात, त्यांत गणिताचे २०, विज्ञानाचे २०, सामान्यज्ञानाचे १०. बरोबर उत्तराला ३ गुण, चुकीला १ वजा. तिथे दहावीचं गणित आणि विज्ञान सोडवण्याचा वेग लागतो. पुढचा पेपर ट्रेडचा, त्यानंतर प्रात्यक्षिक. न्यूट्रॉन कुठेच विचारत नाहीत. वयातली सवलत आणि सेवेतल्या ट्रेडचं आयटीआयशी समकक्षत्व हे दोन कागद मात्र नौदलातून सुटण्याआधीच युनिटमधून पक्के करून घ्या.

हँडबुकं निवड झाल्यावर, प्रशिक्षण सुरू होईपर्यंतच्या मोकळ्या महिन्यांत वाचायची. छापताना पानांचा आकार अमेरिकी लेटर आहे, ए४वर 'फिट' निवडा. बऱ्याच आकृत्या जुनाट आणि फिक्या आहेत, झेनॉनचा आलेख मोठा करून वेगळा काढा. प्रत्येक मॉड्यूलच्या सुरुवातीला उद्दिष्टांची यादी असते, तीच प्रश्नपत्रिका समजून सोडवा, कारण मागे सरावप्रश्न दिलेले नाहीत.