कालुपूर ते जामा मशीद : अहमदाबादच्या जुन्या शहरातील हेरिटेज वॉक

अहमदाबादला जाणारे मराठी प्रवासी बहुधा साबरमती आश्रम, रिव्हरफ्रंट आणि सिदी सैयद मशिदीची जाळी पाहून परततात. जुने शहर पाहण्याची इच्छा अनेकांना असते. परंतु त्या गल्ल्यांत शिरून नेमके काय पाहायचे हे ठाऊक नसल्यामुळे बहुतेकांची मजल माणेक चौकातील रात्रीच्या खाण्यापलीकडे जात नाही. त्यांच्यासाठी अहमदाबाद महानगरपालिकेचा सकाळचा हेरिटेज वॉक हा माझ्या मते सर्वांत चांगला मार्ग आहे. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी हा उपक्रम सुरू झाला, आणि २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला भारतातील पहिले जागतिक वारसा शहर म्हणून मान्यता दिली, तेव्हा या गल्ल्यांतून पाहुण्यांना हिंडवण्याचा वीस वर्षांचा अनुभव शहराच्या गाठीशी होता. तो अनुभव मार्गाच्या आखणीत जागोजागी जाणवतो.

सुरुवात कालुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून होते. १८२२ मधले हे मंदिर त्या संप्रदायाचे पहिले मंदिर असून त्याच्या आवारातील लाकडी कोरीवकाम, विशेषतः रंगवलेले खांब आणि त्यांवरील आकृत्या, निवांतपणे पाहाव्यात अशा आहेत. नोंदणी मंदिराच्या आवारातच होते. सकाळी आठच्या सुमारास शहराच्या इतिहासाची ओळख करून देणारा छोटा दृक्‌श्राव्य कार्यक्रम दाखवला जातो आणि मग चालणे सुरू होते. दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचल्यास मंदिर शांतपणे पाहून होते, म्हणून तेवढे लवकर निघावे.

पुढचे दोन-अडीच तास पोळांचे असतात. पोळ म्हणजे एका दरवाजाच्या आत वसलेली, बहुधा एकाच जातीच्या किंवा व्यवसायाच्या कुटुंबांची वस्ती. तिला स्वतःचे देऊळ किंवा देरासर म्हणजे जैन मंदिर, स्वतःचा चौक, विहीर आणि पंचांचा कारभार असे. दरवाजा रात्री बंद केला की आतली वस्ती सुरक्षित राही. या वॉकमध्ये कवी दलपतराम चौक, हाजा पटेलनी पोळ, दोशीवाडानी पोळ, झवेरीवाड अशी ठिकाणे ओळीने लागतात. लांबेश्वरनी पोळमध्ये दलपतराम यांचे घर जेथे होते, तेथे आता या गुजराती कवीचा बसलेल्या स्थितीतील पुतळा आहे. पुतळ्याची उंची माणसाएवढीच असल्यामुळे येणारेजाणारे त्याच्या शेजारी सहज बसतात, आणि कवीचे स्मारक असेच असावे असे मला मनापासून वाटते.

पोळांत सर्वांत आधी नजरेत भरतो तो चबुतरा. एका खांबावर उभारलेला, नक्षीदार छत असलेला हा पक्ष्यांना दाणे घालण्याचा मनोरा जवळजवळ प्रत्येक मोठ्या पोळच्या चौकात दिसतो. झाडांना फारशी जागा नसलेल्या या दाट वस्तीत पक्ष्यांची सोय वस्तीनेच केलेली आहे. घरांची रचना मात्र अधिक बारकाईने पाहावी लागते. रस्त्याला लागून ओटला म्हणजे ओटा, त्यामागे खडकी म्हणजे प्रवेशाची खोली, आत उघडा चौक आणि चौकाभोवती खोल्या अशी ही मांडणी आपल्याकडच्या वाड्याची आठवण करून देते. परंतु येथे जागा अरुंद असल्यामुळे घर रुंदीपेक्षा उंचीत वाढलेले आहे, आणि शेजाऱ्यांच्या भिंती एकमेकींना टेकून उभ्या आहेत. विटांच्या भिंतींत लाकडी तुळया गुंफलेल्या दिसतात. भिंतीला थोडी लवचीकता देणारी ही बांधणी भूकंपप्रवण गुजरातमध्ये फार उपयोगाची ठरली आहे.

चौकाच्या फरशीत एखादे गोल झाकण दिसले तर तेथे अवश्य थांबावे. त्याखाली टांके असते, म्हणजे पावसाचे पाणी साठवण्याची भूमिगत टाकी. गच्चीवरून पन्हाळीने येणारे पहिल्या सरींचे पाणी बाहेर सोडून द्यायचे, छप्पर धुऊन निघाले की पुढचे पाणी टाक्यात घ्यायचे, आणि उजेड व धूळ आत जाऊ नये म्हणून तोंड घट्ट झाकून ठेवायचे, अशी ही व्यवस्था आहे. हे पाणी वर्षभर पिण्याला पुरवले जाई. आजच्या गृहसंस्थांना पर्जन्यजल संधारणाचे धडे नव्याने द्यावे लागत असताना, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या सामान्य व्यापाऱ्याच्या घरात ते मुळातच बांधलेले होते हे पाहून आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

दोशीवाडानी पोळमधील हरकुंवर शेठाणींची हवेली हा या मार्गावरील माझा सर्वांत आवडता थांबा आहे. गॅलरीला आधार देणाऱ्या लाकडी कंसांची रांग, त्यांवरील वेलबुट्टी आणि आकृत्या इतक्या दाट आहेत की त्यांकडे पाहताना मान अवघडते. शेठ हठीसिंह यांच्या अकाली निधनानंतर त्यांनी आरंभिलेले दिल्ली दरवाजाबाहेरचे जैन मंदिर हरकुंवर शेठाणींनी १८४८ मध्ये पूर्ण करवून घेतले. ज्यांना वेळ आहे त्यांनी दुपारी ते मंदिरही पाहावे, म्हणजे या कुटुंबाची घरातील लाकडाची आणि मंदिरातील संगमरवराची अशी दोन्ही कामे एकाच दिवशी पाहून होतात.

एक गोष्ट मात्र मन अस्वस्थ करते. अनेक हवेल्यांना कुलपे आहेत, काहींच्या तळमजल्यावर गोदामे झाली आहेत, आणि मालकी अनेक वारसांत विभागली गेल्यामुळे डागडुजीचा निर्णय कोणी घ्यायचा हाच प्रश्न राहतो. कुटुंबे नदीच्या पश्चिमेकडील सदनिकांत गेली. त्यांना दोष देता येत नाही, कारण पोळच्या आत मोटार जात नाही आणि लाकडी घर सांभाळणे खर्चिक असते. पुण्यातील पेठांमधले वाडे डोळ्यांदेखत नाहीसे होताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही कुलपे पाहताना पोटात तुटेल. तरीही येथे वस्ती अजून नांदती आहे, ओटल्यावर भाजी निवडली जाते, देरासरात पूजा चालते, आणि म्हणूनच पाहुण्यांनी आपण लोकांच्या दारासमोरून चालत आहोत याचे भान ठेवावे. घरात डोकावून छायाचित्रे घेऊ नयेत आणि मोठ्याने बोलू नये. अरुंद गल्लीत मागे राहिल्यास माहिती नीट ऐकू येत नाही, म्हणून मार्गदर्शकाच्या जवळ चालणे बरे.

वॉकचा शेवट जामा मशिदीत होतो. शहर वसवणाऱ्या अहमदशहाने १४२४ मध्ये पूर्ण केलेल्या या मशिदीच्या प्रार्थनागृहात अडीचशेहून अधिक खांब आहेत. तिचे उंच मनोरे १८१९ च्या भूकंपात कोसळले आणि त्यांचा खालचा नक्षीदार भागच आज शिल्लक आहे. अरुंद पोळांतून आल्यावर हे भव्य प्रांगण एकदम समोर येते, आणि मार्गाचा शेवट येथे करण्यातील योजकता मला फार आवडते.

मराठी वाचकांनी मात्र येथेच थांबू नये, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. गांधी रोडने पश्चिमेकडे काही मिनिटे चालले की तीन दरवाजा लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यास राघोबादादा आणि दमाजी गायकवाड यांनी अहमदाबाद घेतले आणि पुढे शहराचा कारभार पेशवे व गायकवाड यांच्यात वाटला गेला, हा आपल्या इतिहासाचा भाग आहे; त्याची सर्वांत मोलाची खूण या दरवाजात आहे. मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथ यांचा १८१२ चा देवनागरीतील शिलालेख येथे असून, मुलीला वडिलांच्या मालमत्तेतील वाटा विनातक्रार मिळावा असा आदेश त्यात दिला आहे. हा आदेश मोडणाऱ्या हिंदूला महादेवापाशी आणि मुसलमानाला अल्लापाशी जाब द्यावा लागेल, असेही त्यात बजावले आहे. फेरीवाल्यांच्या आणि रिक्षांच्या गर्दीत हा लेख सहज नजरेत भरत नाही, म्हणून चौकशी करूनच तो शोधावा. महाराष्ट्राच्या शालेय पुस्तकांत पेशवाईच्या शेवटच्या वर्षांविषयी जे शिकवले जाते त्यात या आदेशाला एक ओळ तरी मिळायला हवी होती. दरवाजापलीकडे भद्रचा किल्ला आणि मराठी अमदानीत तेथे स्थापन झालेले भद्रकालीचे मंदिर आहे; तेही त्याच फेरीत होते.

या वॉकचे शुल्क माफक आहे आणि त्या मानाने मिळणारी माहिती भरपूर आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मे मध्ये साडेनऊनंतरचे ऊन सोसत नाही. मंदिरे, देरासरे आणि मशीद येथे पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा सहज काढता येतील अशी पादत्राणे घालावीत आणि खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत. गल्ल्यांतील फरशी ठिकठिकाणी उंचसखल आहे, पायऱ्या आहेत आणि दुचाकी अंगावरून जातात, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी व चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांनी पूर्ण मार्ग चालण्याचा हट्ट धरू नये. त्यांनी स्वामिनारायण मंदिर आणि जामा मशीद ही दोन टोके रिक्षाने गाठून पाहावीत.