फिनिक्सजवळची मंथली थ्री-गन मॅच: पैसे वसूल, फक्त सावली आपापली आणा

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार. एक का कापला ते पुढे येईलच. ॲरिझोनातल्या फिनिक्सची उपनगरं म्हणजे चँडलर, गिल्बर्ट, त्या साइडची आपली मंडळी गणपतीला नाहीतर कुणाच्या पॉटलकला भेटली की हमखास विचारतात, तू ते महिन्यातल्या एका शनिवारी पहाटे गाडीत बंदुका भरून जातोस कुठे आणि आम्ही आलो तर घेतील का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला नको. क्लबचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण खाली थोडी किरकिर पण आहे आणि तिथली सगळी माणसं बिनपगारी राबतात, कुणाला हवं असेल तर भेटल्यावर विचारा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. थ्री-गन म्हणजे रायफल, शॉटगन आणि पिस्तूल अशा तिन्ही घेऊन टायमर लावून एक कोर्स पळत पूर्ण करायचा, त्याला स्टेज म्हणतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेसारखं का? म्हटलं नाही गं, त्याने २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते ५० मीटर रायफल थ्री पोझिशन, रायफल एकच, ती गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायची, तिथे श्वासही जपून घेतात. इथे धापा टाकत मारायचं असतं. 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' नावाच्या मासिकाने १९८० च्या दशकात मॅचेस भरवल्या त्यातून हा प्रकार अमेरिकेत वाढला, आणि आमच्या व्हॅलीत, म्हणजे फिनिक्स परिसरात, तर मेसाला सुपरस्टिशन माउंटन मिस्टरी ही नावाजलेली थ्री-गन मॅच कितीतरी वर्षं भरलेली आहे, त्यामुळे इथल्या लोकल मॅचमध्ये सुद्धा स्टेज बांधणारे हात मुरलेले असतात. त्याचा फायदा आपल्याला ४० डॉलरच्या आसपास फीमध्ये मिळतो.

आता हिशोब बघा. पाच स्टेज, साधारण शूटरला एका स्टेजला मिनिटभर, म्हणजे प्रत्यक्ष शूटिंग पाच-सहा मिनिटं. आणि तुम्ही रेंजवर असता सकाळी साडेसहा ते दुपारी एक. म्हणून मला विचाराल तर स्टेज भारी होत्या एवढं सांगून मॅचचा रिव्ह्यू होत नाही, बाकीचे सहा तास क्लब तुमचं काय करतो ते बघायचं.

त्यात पहिला मुद्दा नवीन माणसाला कसं घेतात. इथे फुल मार्क. रजिस्ट्रेशन प्रॅक्टिस्कोअरवर ऑनलाइन होतं, तिथे 'पहिलीच मॅच' असं टाकलंत की मॅचच्या आधी वेगळं ब्रीफिंग देतात आणि ते नुसतं कागद वाचून दाखवणं नसतं. रेंज कोल्ड आहे, म्हणजे आरओने (रेंज ऑफिसरने) सांगितल्याशिवाय कुठलीच बंदूक लोड करायची नाही, रायफल आणि शॉटगनच्या चेंबरमध्ये फ्लॅग (आत काडतूस नाही हे दाखवणारी प्लास्टिकची पट्टी) घालूनच गाडीतून काढायच्या, पिस्तूल होल्स्टरमध्ये रिकामं. सेफ एरियात बंदूक हाताळू शकता पण तिथे काडतुसाला हात लावायचा नाही, डमीला सुद्धा नाही. आणि १८० चा नियम, तुमच्या मागची बाजू नळीने कधीच बघायची नाही, पळताना वळलात आणि नळी त्या रेषेच्या मागे गेली की डीक्यू, म्हणजे डिस्क्वालिफाय, गाशा गुंडाळा आणि घरी. तिथे वाद नाही, ओळखपाळख नाही. मी एका राज्य लेव्हलच्या शूटरला दुसऱ्याच स्टेजला डीक्यू होताना बघितलंय, शॉटगन डंप बॅरलमध्ये (वापरून झालेली बंदूक टाकायच्या पिंपात) टाकली तेव्हा सेफ्टी लावलेली नव्हती आणि आत एक काडतूस शिल्लक होतं, झालं. तो गृहस्थ निमूट बंदुका गाडीत ठेवून आला आणि दुपारपर्यंत आमच्याबरोबर टार्गेटच्या भोकांवर टेप चिकटवत राहिला. मला तरी हा प्रकार फार आवडला.

स्टेज डिझाइनबद्दल बोलायचं तर मागच्या मॅचची तीन नंबरची स्टेज सांगतो. सुरुवात रायफलने, लाकडी खिडकीतून जवळची पाच कागदी टार्गेट, एक गोळी ए झोनमध्ये, म्हणजे मधल्या चौकटीत, किंवा दोन कुठेही लागल्या की चालतं, नाहीतर पेनल्टीचे सेकंद. आता यात गंमत अशी की एआरवर (बहुतेकजण वापरतात ती एआर-१५ जातीची रायफल) स्कोप नळीच्या अडीच इंच वर असतो, त्यामुळे पाच-सात यार्डांवर डॉट जिथे दिसतो त्याच्या दोन-अडीच इंच खाली गोळी लागते, आणि स्टेज बांधणाऱ्याने मुद्दाम टार्गेटच्या खालच्या अर्ध्यावर 'नो शूट', म्हणजे ज्याला गोळी लागली की पेनल्टी असं पांढरं टार्गेट, टांगलेलं. ज्याला हे माहीत नाही तो छान नेम धरून त्यालाच भोक पाडतो. मग रायफल बॅरलमध्ये टाकायची, टेबलावरची शॉटगन उचलायची, सहा पॉपर (गोळी लागली की पडणारी स्टीलची टार्गेट) आणि चार क्ले (फुटणाऱ्या तबकड्या), त्यातले दोन क्ले पॉपर पडल्यावर हवेत उडतात. शेवटी पिस्तूल काढून भिंतीच्या आडून बाकीचं. एवढं सगळं लक्षात ठेवायला वॉकथ्रूला पाच मिनिटं देतात आणि तेव्हा स्क्वॉडमधले, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या गटातले, झाडून सगळे बोटांचं पिस्तूल करून हवेत नेम धरत, पुटपुटत फिरत असतात, दहावीच्या पेपरआधी वर्गाबाहेर उजळणी करणाऱ्या पोरांसारखे.

शॉटगनवर मॅच फिरते हे नवीन माणसाला पटत नाही. रायफलला तीस-चाळीस राउंडचं मॅगझिन लावलं की स्टेजभर पुरतं, शॉटगनच्या ट्यूबमध्ये मात्र आठ-नऊच बसतात आणि संपली की एकेक करून हाताने भरायची. म्हणून कमरेच्या पट्ट्यावर कॅडी, म्हणजे काडतुसं धरणारे क्लिप, लावतात, त्यात काडतुसं दोनावर दोन अशी रचलेली. क्वाड लोड म्हणजे शॉटगन उलटी करून लोडिंग पोर्ट वर आणायचं, दुसऱ्या हाताने एकदम चार उपसायची, अंगठ्याने दोन आत ढकलायची आणि लगेच पुढची दोन. ज्याला जमतं त्याचे आठ राउंड चार सेकंदांत आत जातात, ज्याला नाही त्याची काडतुसं वाळूत सांडतात आणि तो वाकून वेचतो, तोवर बाकीच्यांची स्टेज संपलेली असते. घरी डमी काडतुसं घेऊन रोज दहा मिनिटं भरत बसलात तर वर्षभर रेंजवर गोळ्या उडवण्यापेक्षा जास्त फरक पडतो, बायको वैतागते तो भाग वेगळा.

लांबची स्टेज महिन्याआड असते, बर्मच्या (मातीच्या बांधाच्या) पलीकडे २०० ते ३०० यार्डांवर स्टीलची टार्गेट. इथे आरओ बायनॉक्युलर लावून 'हिट' ओरडतो ते फार सोयीचं, कारण २०० यार्डांवर गोळी झाडल्यापासून टंग असा आवाज आपल्यापर्यंत यायला पाऊणेक सेकंद जातो आणि नवीन माणूस तो आवाज ऐकायला थांबतो. पाच टार्गेट गुणिले पाऊण सेकंद, करा हिशोब.

स्क्वॉड हा या मॅचचा सगळ्यात चांगला भाग. टायर दुकानवाला, एक निवृत्त शाळामास्तर, एक नर्सबाई जिचं शॉटगन लोडिंग बघत राहावं असं, आणि मधे आपण. पहिल्या दिवशीच कुणीतरी स्वतःची हजार-बाराशे डॉलरची शॉटगन 'ही वापरून बघ' म्हणून हातात देतो, काडतुसांसकट. राजकारणावर गप्पा निघतात कधीकधी, मी तेव्हा टेप घेऊन टार्गेटकडे निघून जातो, तेवढाच व्यायाम. एक मात्र पाळायचं, आपलं शूट झालं की मोबाइल काढून सावलीत बसायचं नाही. पॉपर उभे करणं, क्ले लावणं, भोकांवर टेप मारणं, रिकामी काडतुसं गोळा करणं हे सगळे मिळून करतात आणि कोण करत नाही ते सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहतं.

आता कापलेला एक मार्क. स्क्वॉड फार मोठे करतात. दहा माणसांचा स्क्वॉड आरामात चालतो, इथे चौदा-पंधरा कोंबतात, आणि उडत्या क्लेची स्टेज असली की रीसेटला वेळ लागतो त्यामुळे मागचा स्क्वॉड येऊन पाठीशी उभा राहतो. एकदा तर दोन स्टेजच्या मधे तासभर नुसते उभे होतो. स्टेज एवढ्या भारी बांधता तर जी सावकाश चालणार ती आणि तिच्या पुढची यांच्यात एक रिकामा बे (स्टेज मांडायची जागा) ठेवा की राव, मॅच डायरेक्टरला दोन-तीनदा सांगून झालं, मान डोलावतो, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. शिवाय सावली जवळपास नाहीच. प्रत्येक बेला एक छोटा पत्रा, त्याखाली बंदुका ठेवायच्या ढकलगाड्या लागतात आणि माणसं उन्हात. टॉयलेट प्लास्टिकची, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. पाणी विकत मिळत नाही, कूलर आपापला. मी कोकम सरबताची बाटली नेतो, टायरवाल्याला त्याची चटक लागलीय.

खर्चाचं स्पष्ट सांगतो कारण फी बघून लोक फसतात. एका मॅचला साधारण पिस्तुलाचे ९ एमएमचे शंभर, रायफलचे .२२३ चे सत्तर-ऐंशी, शॉटगनला बर्डशॉटचे (बारीक छऱ्यांचे) साठेक आणि पाच-दहा स्लग (छऱ्यांऐवजी एकच जड गोळी) लागतात, म्हणजे नुसती काडतुसंच १०० डॉलरच्या आसपास किंवा वर, भाव वरखाली होतात. गोळीत स्टील असलेली स्वस्तातली रायफल काडतुसं आणू नका, टेबलावर मॅग्नेट लावून बघतात आणि चिकटली की परत गाडीत, कारण त्याने स्टील टार्गेटला खड्डे पडतात आणि ठिणगीने वाळवंटातलं गवत पेटू शकतं. बर्डशॉट साडेसात नाहीतर आठ नंबरचा. स्लग वेगळ्या खिशात, वेगळ्या रंगाचे घ्या, जवळच्या पॉपरवर चुकून स्लग गेला तर तुकडे उलटे येतात आणि तुम्ही डीक्यू. कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही घाला, शेजारच्याच्या रायफलचा कॉम्प (नळीच्या टोकाला धक्का कमी करायला लावतात तो) फार वाईट वाजतो. बंदुका तिन्ही एकदम घ्यायची घाई नको, पिस्तूल आणि रायफल असेल तर शॉटगन मागून मिळते, आधी दोन-तीन मॅच करा मग ठरवा. ओपन डिव्हिजनच्या मॅगझिनवाल्या शॉटगन बघून लाळ गळते पण सुरुवात टॅक ऑप्समध्येच (टॅक्टिकल ऑप्टिक्स, साध्या ट्यूबवाल्या शॉटगनची डिव्हिजन) बरी.

आणि आपल्या लोकांसाठी खास, हे नीट वाचा. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर प्रश्न नाही, बाकी सगळ्यांसारखा दुकानात बंदूक घेतानाचा फेडरल ४४७३ फॉर्म भरून बॅकग्राउंड चेक. एच-१बी वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतुसं बाळगायला मुळातच मनाई आहे, काही अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे राज्याचं व्हॅलिड हंटिंग लायसन्स, पण व्हिसाचा मामला आहे, मित्राच्या मित्राने सांगितलं म्हणून जाऊ नका, वकिलाला विचारा. मॅचवर दुसऱ्याची बंदूक हातात घेणं सुद्धा त्यात येऊ शकतं, तोवर नुसतं बघायला या, प्रेक्षकाला फी नाही, डोळ्याला चष्मा आणि कानाला मफ एवढंच लागतं. दुसरं, रेंजवर नेलेली बॅग, जॅकेट, कार्गो पँट यातलं काहीही भारतात जाताना वापरू नका. कप्प्याच्या शिवणीत राहिलेलं एक ९ एमएम मुंबई विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर आर्म्स ॲक्टखाली केस होऊ शकते आणि सुट्टी पोलीस स्टेशनच्या बाकावर जाते. माझी इंडियाची बॅग वेगळीच आहे, गराजमध्ये येतच नाही.

कधी यायचं तर ऑक्टोबर ते एप्रिल. जून-जुलैला पहाटे साडेपाचला सुरू करतात तरी नऊ वाजेपर्यंत शॉटगनच्या नळीला हात लावता येत नाही. रजिस्ट्रेशन उघडल्या उघडल्या एक नाहीतर दोन नंबरचा स्क्वॉड घ्या, ते सकाळी पहिल्यांदा उडत्या क्लेच्या बेला जातात आणि पुढे अडकत नाहीत. पाच नंबर कितीही मोकळा दिसला तरी घेऊ नका.