स्विफ्टला १४ की १५ इंची?
मावसभाऊ आठवडाभर डोकं खातोय, स्विफ्टचे १४ इंची रिम (टायर बसतो ते धातूचं चाक) ठेवू की १५चे अलॉय (मिश्रधातूचे रिम) टाकू. अरे, १६५/८० आर१४ (म्हणजे १६५ मिमी रुंद टायर, बाजूची उंची रुंदीच्या ८०%, रिम १४ इंची) आणि १८५/६५ आर१५ दोघांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६२० मिमीच्या आसपास, म्हणजे गाडी उंच होत नाही (तो गैरसमज काढ आधी). फरक साइडवॉलचा (टायरच्या बाजूच्या रबराच्या उंचीचा), १३२ वरून १२० मिमी. आणि पावसाळ्यातले आपले खड्डे, उखडलेले पेव्हर ब्लॉक बघता तेवढं रबरही कंबरेला कळतं बरं का, रिम वाकायची भीती वेगळीच. कोरड्या रस्त्यावर वळणाला रुंद टायर भारी, पण मायलेज थोडं पडतं आणि खर्च रिमसकट. रोजचं अंधेरी-दादर असेल तर १४च ठेव. दर वीकेंडला एक्सप्रेसवेने पुण्याला पळत असशील तर १५ घे, १६ला मात्र जाऊ नको.