ल्युवेनहॉकच्या आडनावाचा शोध : डच आडनावकोशाचा सोलापुरातला अनुभव

आमच्या शाळेत दरवर्षी २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात सूक्ष्मदर्शकाचे दालन माझ्याकडे असते आणि त्या दालनात मी माझ्या वडिलांचे पिक ग्लास मांडून ठेवतो. घडी उघडून ते पितळी भिंग कापडावर उभे करायचे, खालच्या एक इंचाच्या चौकोनात उभे धागे किती आणि आडवे किती हे सुईच्या टोकाने मोजायचे आणि माल पास करायचा की परत पाठवायचा ते ठरवायचे, हे काम वडिलांनी साखर पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात आयुष्यभर केले. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारा अंटोनी व्हान ल्युवेनहॉक हाही मुळात नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरातला कापड दुकानदार होता. १६५४ मध्ये त्याने दुकान मांडले, कापडाचा पोत भिंगातून पारखण्याच्या त्या धंद्यात राहून भिंगे घासण्याची कला त्याने कुणालाही जमली नव्हती इतकी वाढवली आणि १६७३ पासून तो लंडनच्या रॉयल सोसायटीला आपली निरीक्षणे पत्रांनी कळवू लागला. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या मुलांना ही गोष्ट सांगितली की सूक्ष्मदर्शकाकडे बघण्याची त्यांची नजरच बदलते.

दोन वर्षांपूर्वी याच दालनात आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आमच्या आडनावाचा अर्थ पोपट असा आहे. मग ल्युवेनहॉक म्हणजे काय?" सोलापूरच्या पूर्व भागात हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. तेलंगणातून येऊन इथे माग टाकणाऱ्या पद्मशाली घरांत आडनावाला 'इंटिपेरू' म्हणतात, म्हणजे शब्दशः घराचे नाव, आणि त्यातल्या कितीतरी नावांचा अर्थ तेलुगू जाणणाऱ्याला ऐकताक्षणी कळतो : चिलका म्हणजे पोपट, गुर्रम म्हणजे घोडा, कोंडा म्हणजे डोंगर. मला त्या दिवशी उत्तर देता आले नाही, आणि ते शोधताना मी दोन सेवा वापरल्या. एक पैसे मोजून घेतली, दुसरी विनामूल्य मिळाली. हे परीक्षण मुख्यतः दुसरीचे आहे, पण पहिलीचा अनुभव सांगितल्याशिवाय दुसरीची किंमत कळणार नाही.

पहिली सेवा आडनावांचा इतिहास चौकटीत बसवून घरपोच देणारी होती. तिचे नाव मी इथे घेत नाही. १,८०० रुपये भरले आणि बारा दिवसांनी कुरिअरने सोनेरी चौकट आली. तिच्यात लाल ढालीवर उभा सिंह आणि खाली मजकूर होता : नेपोलियनने १८११ मध्ये डच लोकांना आडनाव घेण्याची सक्ती केली, तेव्हा एका शूर घराण्याने निषेध म्हणून हे सिंहाचे नाव धारण केले. मी ती चौकट मोठ्या हौसेने दालनात लावली. तासाभरात त्याच मुलीने शेजारच्या तक्त्यावरचे माझ्याच अक्षरातले साल दाखवले : जन्म १६३२, मृत्यू १७२३. जो माणूस १७२३ मध्ये वारला, त्याच्या घराण्याने १८११ मध्ये हे आडनाव घेतले असे छापणाऱ्याने ज्याच्या नावाचे पैसे घेतले त्याच्या जन्मसालाकडेही पाहिले नव्हते. तक्रार केली तेव्हा चौकट उघडली असल्यामुळे पैसे परत मिळणार नाहीत, एवढेच उत्तर आले. पैशांपेक्षा मुलांसमोर खोटी गोष्ट टांगली गेली, याचे मला अधिक वाईट वाटले.

त्यानंतर मी 'नेडरलान्टसे फामिलीनामेनबांक' या डच आडनावकोशाकडे वळलो. अॅम्स्टरडॅमच्या मेर्टेन्स इन्स्टिट्यूट या भाषा आणि लोकसंस्कृतीच्या संशोधन संस्थेत तो उभा राहिला आणि आता कुटुंबेतिहासाचे काम करणाऱ्या, १९४५ साली स्थापन झालेल्या सीबीजी या हेगच्या केंद्राकडून तो चालवला जातो. त्यात तीन लाखांहून अधिक आडनावे आहेत, नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नाही आणि जाहिरातीही आडव्या येत नाहीत. आडनाव टाकले की १९४७ च्या जनगणनेत ते किती जणांचे होते आणि २००७ मध्ये नगरपालिकांच्या नागरिक नोंदींत किती जणांचे होते, हे दोन आकडे समोर येतात. दोन्ही वर्षांचे गावनिहाय नकाशे असतात, आणि जिथे अभ्यास झालेला आहे तिथे व्युत्पत्तीही दिलेली असते.

शोधताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते, नाहीतर पहिल्याच पायरीवर अडायला होते. डच लोक 'व्हान', 'डे', 'व्हान डेन' हे शब्द वर्णानुक्रमात धरत नाहीत, म्हणून व्हान ल्युवेनहॉक हे नाव 'व्ह'खाली नसून 'ल'खाली असते. शेजारच्या बेल्जियममध्ये मात्र तेच नाव 'व्ह'खाली लावतात. शिवाय आपल्या पुस्तकांत छापलेला उच्चार इथे उपयोगाचा नाही, कारण डच उच्चार 'लेउवेनहुक'च्या जवळ जातो आणि रोमन स्पेलिंग अचूक टाकावे लागते. स्वतः अंटोनीनेही आपले नाव एकाच प्रकारे लिहिलेले नाही. आरंभीच्या पत्रांत तो 'व्हान'शिवाय सही करत होता आणि १६८० च्या दशकात त्याने तो शब्द नावाला जोडला.

नावाचा अर्थ कळल्यावर मला जो आनंद झाला तो सोलापूरच्या वाचकाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. 'लेउव' म्हणजे सिंह हे त्या चौकटीवाल्याने बरोबर सांगितले होते, पण 'हुक' म्हणजे कोपरा हे त्याने गाळले होते. डेल्फ्टमध्ये 'सिंहद्वार' या नावाची वेस होती, तिच्याजवळच्या कोपऱ्यावर या कुटुंबाचे घर होते आणि त्या घरावरून हे आडनाव पडले. म्हणजे सिंह घराण्याचा नव्हता, वेशीचा होता. अंटोनीचे वडील टोपल्या विणणारे होते, त्यामुळे शूर घराण्याची ढाल त्यांच्याकडे कुठून येणार? 'व्हान' हा आपल्या 'कर'सारखा शब्द आहे हे खरे, आणि चित्रकार व्हान गॉखच्या नावात तो सरहद्दीपलीकडच्या जर्मनीतल्या गॉख या गावाला जोडलेला आहे. पण 'कर' गाव सोडल्यावर उपयोगी पडतो : पंढरपुरात राहणाऱ्याला कुणी पंढरपूरकर म्हणत नाही, सोलापुरात आल्यावर म्हणतात. डेल्फ्टमध्येच राहणाऱ्या कुटुंबाला 'डेल्फ्टकर' म्हणून शेजाऱ्यांचे काम भागणार नव्हते, म्हणून ओळख आणखी जवळ आणून कोपऱ्यावर ठेवावी लागली. डेल्फ्टच्या त्या कोपऱ्यावरचे नाव अगदी इंटिपेरूच होते.

घराचे नाव माणसाला चिकटण्याची रीत त्या देशात किती खोल गेली आहे, हे कोशाचे नकाशे पाहताना उमगत जाते. देशाच्या पूर्वेला ट्वेंटे नावाचा भाग आहे. एन्स्खेडे आणि अल्मेलो ही त्यातली गावे एके काळी सोलापूरसारखीच कापड गिरण्यांवर जगत होती. तिथली पुष्कळ आडनावे 'इंक' या प्रत्ययाने संपतात. ती शेतवाड्यांची नावे होती आणि वाडा जो सांभाळेल त्याला ते नाव लागे, अगदी बाहेरून आलेल्या घरजावयालासुद्धा. 'स्ट्रा' आणि 'मा' यांनी संपणारी नावे उत्तरेच्या फ्रीसलँडमध्ये दाटलेली दिसतात. यान्सेन हे नाव एका 'स'ने लिहिले तर देशभर पसरलेले असते आणि दोन 'स'नी लिहिले तर दक्षिणेकडे झुकते. नकाशात एकूण संख्या आणि लोकसंख्येच्या प्रमाणातली संख्या असे दोन पर्याय आहेत, त्यांतला दुसरा निवडावा. पहिल्या पर्यायात मोठी शहरे नेहमीच गडद दिसतात आणि नावाचे मूळ गाव त्या गर्दीत हरवते.

दुर्मीळता म्हणजे काय, हे मला या कोशाने नव्याने शिकवले. डे यॉन्ग, म्हणजे 'धाकटा', हे तिथले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव २००७ मध्ये ऐंशी हजारांहून अधिक लोकांचे होते, आणि त्याच्याशेजारी ल्युवेनहॉकचा आकडा नजरेत भरत नाही. पण सुमारे एक कोटी चौसष्ट लाख लोकांच्या देशात तीन लाखांवर आडनावे असतील, तर ढोबळ भागाकाराने एका नावाच्या वाट्याला पन्नासएक माणसे येतात, आणि वरची मोठी नावे बाजूला काढली तर त्याहूनही बरीच कमी. म्हणजे तिथे दुर्मीळ असणे हीच बहुतेक आडनावांची सामान्य स्थिती आहे. ज्या नावाचे पाचांपेक्षा कमी लोक २००७ मध्ये उरले होते, त्याचा नेमका आकडा कोश दाखवत नाही, 'पाचांहून कमी' एवढेच लिहितो, कारण अशा नावाचा नकाशा म्हणजे एखाद्या घराचा पत्ताच ठरेल. ही काळजी मला फार मोलाची वाटली.

अंटोनीच्या पाच मुलांपैकी मारिया ही एकच मुलगी जगली. तिने लग्न केले नाही आणि १७४५ मध्ये ती वारली, त्यामुळे त्याचा थेट वंश तिथेच थांबला. वडिलांचे आडनाव मुलांना जाण्याच्या रीतीत मुलगे नसलेल्या घरांतून नावे अशीच गळत जातात. १९४७ आणि २००७ चे आकडे शेजारी ठेवले की या गळतीचा वेग नावागणिक मोजता येतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने कोशाचा सर्वांत मोठा उपयोग मला हाच वाटतो.

नेपोलियनच्या गोष्टीविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण ती आपल्याकडच्या लेखांतही सतत येते. १८ ऑगस्ट १८११ चा हुकूम खरा आहे, पण बहुसंख्य डच कुटुंबांना त्याआधीच आडनाव होते, त्यांनी फक्त नोंद केली. फ्रेंच राजवटीची थट्टा म्हणून लोकांनी विचित्र नावे घेतली या समजुतीचे आवडते उदाहरण म्हणजे 'नाक्तखेबोरेन', शब्दशः 'नग्न जन्मलेला'. हे नाव १८११ च्या आधीपासून आढळते, आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या मुलासाठीच्या जर्मन शब्दाशी अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. ज्याला थट्टा समजले जाते त्या नावामागे पोरके जन्मलेले मूल आहे, हे वर्गात सांगितले तेव्हा हसणारी मुले गप्प झाली. सक्तीने मिळालेली नावे पाहायची असतील तर दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या तेव्हाच्या डच वसाहतीकडे पाहावे. तिथे १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपली आणि मुक्त झालेल्यांना आडनावे देताना कित्येकदा जुन्या डच नावांची अक्षरे मागेपुढे केली गेली, जसे डे व्रीसचे व्रीसडे आणि विल्केन्सचे केन्सविल.

आता उणिवा. स्पष्टीकरणे मुख्यतः डच भाषेत आहेत आणि ब्राउझरचे भाषांतर आडनावाचेच भाषांतर करून टाकते, त्यामुळे 'बाकर' शोधताना पडद्यावर 'बेकरीवाला' येऊन गोंधळ होतो. दुर्मीळ नावांपैकी बऱ्याच नोंदींत फक्त आकडे आहेत, अर्थाची जागा रिकामी आहे, आणि दुर्मीळ नावासाठीच जो येतो त्याची तिथे निराशा होते. तरीही १,८०० रुपयांची गोष्ट वाचल्यानंतर मला ती रिकामी जागा जास्त विश्वासाची वाटते. मोठी उणीव वेगळी आहे : आकडे २००७ वर थांबलेले आहेत. १९९८ पासून तिथे आईचे आडनाव मुलांना देता येते आणि १ जानेवारी २०२४ पासून आईवडिलांची दोन्ही आडनावे जोडून देण्याची मुभा मिळाली आहे. लोपू लागलेली नावे यामुळे तग धरतात की नाही, हे पाहायला नवी मोजणी हवी. ती झाली तर माझ्यासारखे हजारो मैलांवरचे लोकही ती आवर्जून उघडतील.

ज्यांना डच माणसांच्या, वसाहतींच्या किंवा विज्ञानाच्या इतिहासात रस आहे आणि रोमन स्पेलिंग जपून टाकण्याचा धीर आहे, त्यांनी हा कोश जरूर वापरावा, आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर वापरावा, कारण मोबाइलवर नकाशातल्या फिकट छटा एकमेकींत मिसळतात. आमच्या दालनात आता सोनेरी चौकट तीच आहे, पण आतला सिंह काढून तिथे १९४७ आणि २००७ चे नकाशे लावले आहेत आणि खाली त्या मुलीने मराठी आणि तेलुगू अशा दोन ओळींत लिहिले आहे : सिंहद्वाराच्या कोपऱ्यावरचे घर. वडिलांचे पिक ग्लास त्या नकाशांसमोर ठेवले आहे, कारण फिकट गावे त्यातूनच नीट दिसतात.