एल-कार्निटीनच्या कॅप्सूल: पाचपैकी दोन तारे

जिममधल्या पोरांनी आग्रह केला म्हणून चरबी जाळण्यासाठी विकली जाणारी ही बाटली घेतली. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे आधी लेबल वाचलं. 'चरबी थेट स्नायूंच्या भट्टीत!' अर्धं खरं आहे.

रक्तातलं मेदाम्ल (चरबीचा घटक) हृदयाच्या किंवा स्नायूच्या पेशीत शिरतं, ते बरंचसं सीडी३६ या प्रथिनाच्या मदतीने. आत त्याला कोएन्झाइम-ए नावाचा मदतनीस रेणू जोडला जातो. पण लांब साखळीचं मेदाम्ल या रूपात मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जा बनवणाऱ्या भट्टीत, जाऊ शकत नाही, तिथे कार्निटीन लागतं. सीपीटी-१ हे विकर (एन्झाइम) कोएन्झाइम काढून कार्निटीन जोडतं, आत सीपीटी-२ हे दुसरं विकर ते उलटवतं आणि मोकळं झालेलं कार्निटीन परत बाहेर येतं. म्हणजे ते या कामात खर्चच होत नाही! शिवाय यकृत आणि मूत्रपिंडं ते स्वतः बनवतात. खरा लगाम पेशीतल्याच मॅलोनिल-कोए या रेणूच्या हातात. ते वाढलं की सीपीटी-१ मंदावतं. हृदय तर निम्म्याहून जास्त ऊर्जा मेदाम्लांतून घेतं, तेही बाटलीशिवाय.

कॅप्सूल गिळायला सोप्या, झाकण घट्ट. तारे त्याचेच. मोठ्या मात्रेत अंगाला माशासारखा वास येऊ शकतो, कारण आतड्यातले जीवाणू कार्निटीनपासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. लेबलवर याचा उल्लेख नाही, हे मला खटकलं.

जन्मजात कार्निटीन-कमतरता असेल तर हे खरंखुरं औषध आहे, पण ते डॉक्टरांनी द्यायचं. मला व्यायामात काडीचा फरक जाणवला नाही. पुन्हा घेणार नाही.