सोलापुरात रीफ टँक: शेवाळ खायला एमराल्ड खेकडा, हर्मिट की गोगलगायी?

जुळे सोलापुरातल्या एका मित्राकडं रीफ टँक आहे, म्हणजे जिवंत कोरल (पोवळी) ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. त्याचा परवा रात्री फोन, "शेवाळ लई झालंय बे, क्रॅब टाकू का?" मी विचारलं कुठलं शेवाळ, तर म्हणे "हिरवं". आता हिरव्यात पण चार प्रकार असतात आणि चौघांचे खाणारे वेगळे, तरी लोक आधी प्राणी ठरवतात आणि मग टँकमध्ये त्याला खायला काय आहे ते बघतात. त्याला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथं टाकतोय, कारण आपल्या गावात रीफ ठेवणारे बोटावर मोजण्याएवढे आणि मुंबई-पुण्याचे सल्ले इथं जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी एमराल्ड. गडद हिरवा, चपटा, दीड-दोन इंचापर्यंत वाढणारा, मूळचा कॅरिबियनचा. त्याच्या नांग्यांची टोकं चमच्यासारखी असतात, दगडावरचं खरवडून खायला एकदम बरोबर. याचं खरं काम म्हणजे बबल अल्गी, ते काचेच्या गोटीसारखे हिरवे फुगे. ते फार कुणी खात नाही, हा खातो (सगळेच खातात असं नाही, काही आळशी निघतात, नशिबाचा भाग). केसाळ शेवाळ पण कुरतडतो, पण लांब वाढलेलं असेल तर आधी हाताने उपटून काढा, बुटकं राहिलेलं तो सांभाळतो. दिवसा दगडाखाली लपून बसतो, रात्री निघतो, त्यामुळे चार दिवस दिसला नाही म्हणून मेला असं समजू नका.

आता याची वाईट बाजू. हा शाकाहारी नाही, मिळेल ते खाणारा आहे. फुगे संपले की भूक कुठं जाणार, मग झोएंथसला (एक मऊ, फुलासारखं दिसणारं कोरल) चिमटे काढणं, कोरलच्या तोंडातला घास पळवणं, मोठा झाला की झोपलेल्या छोट्या माशावर हात मारणं, हे सगळं होतं. म्हणून शंभर-दीडशे लिटरला एकच, तोही लहान बघून, आणि शेवाळ संपलं की आठवड्यातून दोनदा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडीचा) तुकडा द्यायचा. पोट भरलेला एमराल्ड बऱ्यापैकी सरळ वागतो.

हर्मिट म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, मला स्वतःला आवडत नाहीत हे आधीच सांगतो. निळ्या पायाचे आणि लाल पायाचे असे दोन जास्त मिळतात, त्यात लाल जरा शांत. दोघं केसाळ शेवाळ टिपतात, दगडाच्या फटीत अडकलेलं मच्छीचं उरलंसुरलं खाणं साफ करतात, पोरांना बघायला मजा येते, आणि चिवट आहेत, पाणी थोडं इकडंतिकडं झालं तरी तग धरतात. पण त्यांना वाढत्या अंगाला मोठा शंख लागतो आणि रिकामा मिळाला नाही तर ते जिवंत गोगलगायीला ओढून काढून तिचं घर घेतात. माझ्याकडं सहा हर्मिट आणि आठ ट्रोकस गोगलगायी होत्या, चार महिन्यांनी सहा हर्मिट तसेच आणि ट्रोकस तीन. चूक माझीच, रिकामे शंख ठेवलेच नव्हते. तुम्ही घेणार असाल तर प्रत्येकामागे दोन-तीन वेगवेगळ्या मापाचे शंख टँकमध्ये टाकून ठेवा, तरी पूर्ण खात्री धरू नका.

सॅली लाइटफूट नावाचा चपटा लांब पायांचा खेकडा कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी मासे पकडतो.

राहिल्या गोगलगायी. काचेवरचा हिरवा-तपकिरी थर एमराल्ड किंवा हर्मिट काढूच शकत नाहीत, काचेवर चढता येत नाही त्यांना, तिथं गोगलगायच लागते. ट्रोकस सगळ्यात बरी, उलटी पडली तरी स्वतः सरळ होते. अॅस्ट्रिया दिसायला छान पण उलटी पडली की तशीच पडून राहते, आणि टँकमध्ये हर्मिट असेल तर मग संपलाच विषय. मेक्सिकन टर्बो शेवाळ बुलडोझरसारखं खाते हे खरं, पण ती मूळची थंड पाण्याची, आपल्याकडं उन्हाळ्यात हळूहळू खंगत मरते आणि चिकटवलेले कोरल पाडत फिरते ते वेगळंच.

आणि इथंच सोलापूर आडवं येतं. मे महिन्यात बाहेर 42-43 डिग्री, टँकला हवं 25-26. चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) परवडत नसेल तर पाण्यावर फॅन लावा, आपली हवा कोरडी असल्याने फॅनने टँक मुंबईच्या दमट हवेपेक्षा चांगला थंड होतो, तीच डेझर्ट कूलरची गंमत. पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. शंभर लिटरच्या टँकमधून रोज तीन लिटर उडालं तर क्षार (दर हजार भागांत) 35 चे एका दिवसात 36 होतात, मीठ जागेवर राहतं ना. दोन दिवस गावाला गेलात आणि गोडं पाणी टाकायला कुणी नाही, तर गोगलगायी पहिल्यांदा माना टाकतात, खेकडे त्या मानाने टिकतात. म्हणजे टॉप-अपची (उडालेल्या पाण्याएवढं गोडं पाणी भरायची) शिस्त नसेल तर ज्या गोगलगायींचं मी एवढं कौतुक केलं त्याच आधी जातील.

बोअरचं पाणी टाकू नका हे सांगायची गरज नाही असं वाटायचं, पण मित्राने नेमकं तेच टाकलं होतं. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, म्हणून बोअर. त्यातल्या नायट्रेट, फॉस्फेटवरच शेवाळ पोसलं जातं, तुम्ही वरून दहा खेकडे सोडा, फरक पडणार नाही. शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) आरओ-डीआय फिल्टरमधून काढलेलं पाणी आधी, प्राणी नंतर. लाल-मखमली चादरीसारखा चिकट थर असेल तर ते शेवाळच नाही, सायनो बॅक्टेरिया आहे, ते यातलं कुणी खात नाही.

अजून एक, व्हाइट स्पॉटसाठी (माशाच्या अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग) तांब्याचं औषध या टँकमध्ये कधीच टाकायचं नाही, खेकडे-गोगलगायी सगळे जातात. मासा वेगळ्या टँकमध्ये काढून उपचार करा.

पार्सल मुंबईहून रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने आलं की सकाळी घाईत पिशवी ओतू नका, एअरपंपाच्या बारीक नळीने थेंब-थेंब करत तासभर तरी टँकचं पाणी मिसळा. आणि महिन्याभरात तळाशी अख्खा मेलेला खेकडा दिसला तर रडायच्या आधी उचलून बघा, पोकळ असेल तर ती कात आहे, मालक दगडाखाली नवीन कवच कडक व्हायची वाट बघत बसलेला असतो.

मित्राने शेवटी फोटो पाठवला तर अर्ध्या दगडावर फुगेच फुगे. त्याला म्हटलं एक छोटा एमराल्ड आणि पाच ट्रोकस घे, हर्मिट नको. "पण हर्मिट पोरीला आवडतात की बे." मग घे म्हटलं दोन लाल पायाचे, रिकामे शंख मी आणून देतो, माझ्याकडं आता पाच पडलेत.