हिरवी भिंत की राजांगण? गोव्यात ऑफिस बांधताना

पर्वरीला किंवा वेर्ण्याला ऑफिस बांधायला काढलं की आराखड्यात रिसेप्शनमागे हिरवी भिंत, म्हणजे झाडं लावलेली उभी भिंत, हमखास येते. जागा स्वतःची असेल, तर तोच पैसा आपल्या जुन्या घरांतल्यासारख्या राजांगणावर, म्हणजे मधल्या उघड्या चौकावर, घालावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. भाड्याच्या मजल्यावर राजांगणाचा प्रश्नच नाही. तिथे भिंत किंवा कुंड्या.

भिंतीचं गणित आधी. माती आणि पाण्यासकट तिचं वजन चौरस मीटरला साधारण ४० ते ६० किलो भरतं, त्यामुळे जिप्समच्या पार्टिशनवर ती टांगू नये. स्वतंत्र लोखंडी सांगाडा हवा आणि मागे २५ मिमी तरी पोकळी, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात मागची भिंत बुरसते. उजेडाचं लोक विसरतात. टेबलावर वाचायला ५०० लक्स (उजेडाचं माप) पुरतात, झाडांना त्याच्या दुप्पट तरी लागतात, तेही रोज दहा-बारा तास. म्हणजे वेगळे दिवे आले, विजेचं बिल आलं.

पाणी ठिबकने वरून खाली झिरपतं, म्हणून वरची रांग सुकते आणि खालची कुजते. जास्त पाणी खालच्या रांगांत देऊ नका, तिथे नेचे आणि सिंगोनियम लावा. वर मनी प्लांट. टायमर मे महिन्याच्या हिशेबाने लावून जुलैतही तसाच ठेवला तर मुळं सडलीच. आणि चतुर्थीची सुट्टी! शेवटचा माणूस मेन स्विच खाली करून गावी जातो, पंप बंद पडतो, झाडं ज्यात लावलेली असतात ते फेल्टचे खिसे दोन-तीन दिवसांत कोरडे होतात. पंप आणि दिव्यांना वेगळी लाइन द्या.

राजांगणाची अडचण एकच, पण मोठी: पाऊस. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पडतो. ३ बाय ३ मीटरच्या चौकात म्हणजे २७,००० लिटर. तासाला ६० मिमीची सर आली तर ५४० लिटर, आणि भोवतालचं ४० चौरस मीटर छप्पर आत उतरत असेल तर त्यात आणखी २४०० लिटर. म्हणून चौकाची जमीन ऑफिसच्या लादीपेक्षा १५० मिमी खाली ठेवा, ११० मिमीचे दोन पाइप द्या, दुसरा थोडा वरच्या पातळीवर. पहिल्याची जाळी पानांनी तुंबतेच. खाली स्लॅब नको, माती थेट जमिनीला मिळू द्या. पोफळ, अनंत, तगर पुरे. वड-पिंपळाच्या जातीचं काही नको.

काचेबाबत सावध. पावसाळ्यात एसी २१ वर ठेवला तर साध्या काचेला चौकाच्या बाजूने घाम सुटतो, झाडं दिसायची बंद होतात आणि पाणी चौकटीत उतरतं. एसी २५-२६ वर ठेवा, नाहीतर दुहेरी काच घ्या.

मग राजांगणच का? टायमर बिघडला तरी ते मरत नाही, आणि चारही बाजूंच्या टेबलांवरून दिसतं. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये दाखवलं होतं की खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. इस्पितळ आणि ऑफिस एक नव्हे, हे मान्य. पण रिसेप्शनमागची भिंत मुख्यतः पाहुण्यांनाच दिसते.

गच्चीवर बागेचा विचार असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला विचारा. वावर असलेल्या छपरासाठी आयएस ८७५ मध्ये (इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक) चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरतात. १५ सेंटिमीटर ओली मातीच २५० किलोच्या वर जाते.

कुंड्या स्वस्त आणि हलवता येण्याजोग्या, पण त्या हवा शुद्ध करतात म्हणून घेऊ नका. ज्याच्या आधारावर हे सांगतात, तो नासाचा १९८९ चा प्रसिद्ध प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता, ऑफिसात नव्हे. खालच्या बशा मात्र जूनपासून दर आठवड्याला पुसून कोरड्या करायला एक माणूस ठरवून द्या. डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं.